पांढरी म्हणजे पांढरी नव्हे

हिवरमाळ, ता. चांदवड
१२ ऑक्टोबर १९९७

आदरणीय गायधनी सर,

आपण मला ओळखत नाही. तंत्रनिकेतनात आपल्या हाताखाली शिकलेल्या भारतची मी पत्नी. तो सध्या पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. तीन वर्षे इमारती बांधायला शिकून हा खोकी बांधतो, हे कळल्यावर सर काय म्हणतील या धास्तीने त्याने पत्र लिहायला मला बसवले आहे.

मी गावात बालवाडी चालवते. सव्वीस मुले आहेत आणि डोक्यावर पंचायतीचा पत्रा आहे. चैत्र-वैशाखात अकरानंतर त्या पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून मुलांना घरी सोडावे लागते. गेल्या एप्रिलमध्ये चार वर्षांची एक मुलगी गाणे म्हणता म्हणता चक्कर येऊन पडली. आता नवी खोली मंजूर झाली आहे, पण ती सिमेंटची आणि वर स्लॅबची. शेजारच्या शाळेची खोली तशीच आहे आणि दुपारी तीही भट्टीसारखी तापते.

याउलट माझ्या सासूबाईंचे, गोजराबाईंचे, घर मातीचे आहे. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तसेच लिहीन.) वर मातीचेच सपाट धाबे आहे. तिथे मे महिन्यातल्या दुपारी अंगावर चादर लागते. दगड आणि लाकूड पुरुषांचे, माती बायकांची, अशी आमच्या गावची जुनी वाटणी. आत्याबाईंच्या हाताखालून चाळीसएक घरे गेली आहेत. बालवाडीची खोली त्यांनी बांधावी, असे माझ्या मनात आहे.

सरपंच चिमाजी आप्पा म्हणतात, "पोरी, खोली पडली तर पेपरात माझं नाव येईल, तुझं नाय. इंजिनिअरच्या सहीचा दाखला आण, मग बघू." एक मेच्या ग्रामसभेत निर्णय होईल. तोवर दाखला आला नाही, तर स्लॅबचा पाया खणला जाईल.

आपण तपासून सही द्याल का? सोबत एसटीने पांढरीचे एक पोते पाठवले आहे. भिंतीला आणि धाब्याला आम्ही हीच वापरतो. मी चाळून देणार होते, पण आत्याबाई म्हणाल्या, "मास्तरला जशी हाय तशी बघू दे."

आपली नम्र,
सुवर्णा


पंचवटी, नाशिक
१९ ऑक्टोबर १९९७

श्रीमती सुवर्णा यांस,

पत्र आणि पोते, दोन्ही मिळाले. पत्रात शुद्धलेखनाची चूक आढळली नाही, म्हणून ते शेवटपर्यंत वाचले.

भारत मला आठवतो. त्याची आलेखने स्वच्छ असत. फक्त त्यांतील दारे उघडण्यास जागा नसे. खोक्यांना दारे नसतात, तेव्हा त्याने योग्य क्षेत्र निवडले आहे असे त्याला सांगावे.

आता पोत्याविषयी. मी मागील अंगणात चादर अंथरून ते रिकामे केले. आपण 'पांढरी' असे लिहिले आहे. आतील पदार्थ राखाडी आहे. त्यात खापराचे अकरा तुकडे, कोळसा, हिरव्या बांगडीची काच आणि बहुधा शेळीचा असलेला एक दात निघाला. मी तेहेतीस वर्षे बांधकामशास्त्र शिकविले असून त्या विषयावरील माझे पुस्तक अद्याप अभ्यासक्रमात आहे. माती आणि उकिरडा यांतील भेद मला कळतो. पोते मी माझी बाग सांभाळणाऱ्या झुंबरबाईंच्या स्वाधीन केले असून जास्वंदीला घालण्यास सांगितले आहे.

तथापि प्रयोगाविना निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गाबाहेर काढीत असे. तेव्हा स्वतःला सवलत देणार नाही. उत्तम प्रतीची पांढरी माती मी स्वतः मिळवीन आणि एक मीटर उंचीची चाचणी-भिंत उभारीन. आपण मिश्रणाचे प्रमाण, पाण्याचा अंश, तुडविण्याचा काळ मिनिटांत आणि मुरविण्याचा काळ दिवसांत, असे सर्व लिहून पाठवावे. ज्या पत्रात 'अंदाजे' हा शब्द असेल ते मी परत पाठवीन.

वेणीमाधव गायधनी


हिवरमाळ
२ नोव्हेंबर १९९७

आदरणीय सर,

आपले पत्र आत्याबाईंना वाचून दाखवताना मी 'उकिरडा' हा शब्द गाळला. त्या लगेच म्हणाल्या, "काय गिळलंस गं? घोट दिसला मला." शेवटी सांगावे लागले. रागावतील असे वाटले होते, पण त्या खूश झाल्या. "उकिरडा म्हन्ला? मंग मास्तरला मातीची जरा तरी पारख हाय."

आपण मागितलेली माहिती देते. पांढरी चार घमेली, गव्हाचे भूस एक घमेले, शेण अर्धे. पाणी इतके, की चिखलाचा गोळा तळहातावरून सुटला पाहिजे आणि हात मात्र ओला राहिला पाहिजे. आठ दिवस मुरवायचा आणि दर तिसऱ्या दिवशी पुन्हा तुडवायचा. भिंत एका दिवसात एक हातच चढवायची.

तुडवण्याच्या मिनिटांचे जरा कठीण आहे. आत्याबाई म्हणतात, "टाच बुडली तर कच्चा, टाच उमटली तर पक्का." तरी मी घड्याळ घेऊन बसले. आत्याबाईंच्या हाताखालच्या मैना आणि यशोदाबाई तुडवत होत्या. सोमवारी एक तास दहा मिनिटे लागली, गुरुवारी पंचेचाळीसच. गुरुवारी दोघींचे भांडण झाले होते. भांडण असले की चिखल लवकर होतो, असा इथला अनुभव आहे.

या पत्रात 'अंदाजे' कुठेही नाही. टाच आहे, ती चालेल अशी आशा करते.

सुवर्णा


पंचवटी, नाशिक
१४ डिसेंबर १९९७

श्रीमती सुवर्णा यांस,

प्रयोग पूर्ण झाला. अहवाल सोबत आहे. सारांश येथे देतो.

माती निवडताना मी कोणतीही तडजोड केली नाही. पंचवटीतील एका नामांकित मूर्तिकाराकडून गणेशोत्सवात उरलेली उत्कृष्ट शाडू आणली. दुधावरच्या सायीसारखा रंग, एकही खडा नाही. तरीही मलमलीतून गाळली. भूस निवडून घेतले. चिखल स्वतः तुडविला. पाय आधी साबणाने धुतले होते. झुंबरबाई टॉवेल धरून उभ्या होत्या आणि "सायेब, अजून कितीक नाचायचं ऱ्हायलंय?" अशी अनावश्यक चौकशी करीत होत्या. भिंत इतकी देखणी झाली की शेजारची दोन कुटुंबे ती पाहण्यास आली.

पूर्ण वाळल्यावर झारीने पाणी सोडले. एकोणिसाव्या मिनिटाला कडा गोल झाल्या. एकतिसाव्या मिनिटाला भिंत झुकली. चाळिसाव्या मिनिटाला ती, कोणताही आवाज न करता, अत्यंत शांतपणे खाली बसली.

ज्या बांधकामाची ही गत, त्याखाली सव्वीस बालके बसविण्याच्या दाखल्यावर मी सही करू शकत नाही. मला खेद वाटतो. आश्चर्य वाटत नाही.

वेणीमाधव गायधनी


हिवरमाळ
२० डिसेंबर १९९७

आदरणीय सर,

आपला अहवाल मी यशोदाबाईंच्या ओट्यावर वाचला. 'शाडू' या शब्दाशी मैना खाली बसली, 'मलमली'शी यशोदाबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि भिंत शांतपणे बसली तिथे आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, मास्तरनं भिंत नाय बांधली, भिंतीचं इसर्जन केलं!"

मीही हसले. मग लक्षात आले की आपला नकार माझ्या हातात आहे, आणि हसू थांबले.

सर, पांढरी हा रंग नाही. आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गाव वसते त्या जागेला पांढरी. 'तुमची पांढरी कोणती?' असे विचारले, तर माणूस आपल्या गावाचे नाव सांगतो. वीस-वीस पिढ्या जिथे राहिल्या, ज्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण, चुना, फुटकी मडकी एकमेकांत मिसळून गेली, त्या जुन्या वस्तीची माती म्हणजे पांढरी. काळी पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. पांढरी तसे काही करत नाही. कारण आत्याबाईंच्या शब्दांत लिहिते: "जे व्हावून जायाचं ते कवाच गेलंय. जे राह्यलंय ते आता कशाला जातंय?"

खापरे, कोळसा, बांगडीची काच या तिच्या खुणा आहेत. आपण उकिरडा म्हणालात ते खरे तर अगदी बरोबर होते, म्हणून आत्याबाई खूश झाल्या होत्या.

शब्द समजावून न सांगता पाठवला, ही माझी चूक. पण राग धरणार नसाल तर एक विचारते. ज्या मातीचा गणपती गोदावरीत तासाभरात विरघळावा म्हणून घडवतात, ती माती पावसात उभी राहील, असे आपल्याला वाटले तरी कसे?

सुवर्णा


पंचवटी, नाशिक
२६ जानेवारी १९९८

सौ. सुवर्णा यांस,

पाच आठवडे मी उत्तर दिले नाही. आजारी होतो असे लिहिता आले असते. मी ठणठणीत होतो.

आपले पत्र वाचून प्रथम मी शब्दकोश काढला. आपल्याला चूक ठरविण्यासाठी. 'पांढरी' या नोंदीखाली गावठाणाचा अर्थ स्पष्ट छापलेला आहे. हा कोश माझ्या मेजावर अठ्ठावीस वर्षे आहे.

त्यानंतर जास्वंदीच्या आळ्यातून ती माती परत काढावी म्हणून झुंबरबाईंना बोलाविले. त्या मूळच्या कळवणकडच्या. म्हणाल्या, "झाडाला कुठं घातलीय? येवढी चांगली पांढरी झाडाला घालीत्यात व्हय? माज्या घराला लावाया ठेवली."

मी विचारले, "म्हणजे ती पांढरी आहे, हे तुम्हाला ठाऊक होते?"

"दिसतीया की."

"आणि मी शाडूची भिंत बांधताना तुम्ही शेजारी उभ्या होता!"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं का?"

त्यांच्याकडून अर्धे पोते परत मागून घेतले, आपल्या कृतीप्रमाणे हातभर रुंदीचा एक ठोकळा केला आणि त्यावर झारीने दोन तास पाणी सोडले. वरचे थोडे भूस उघडे पडले, एवढेच. मी तिसऱ्या तासाची तयारी करीत असताना झुंबरबाईंनी झारी काढून घेतली.

एका ठोकळ्यावर दाखला देता येत नाही. मला पूर्ण भिंत पाहिली पाहिजे, पायापासून, माणसांसह. श्रीमती गोजराबाई यांना माझ्या वतीने विचारावे, की मी हिवरमाळला येऊ का. तपासायला नव्हे. शिकायला.

वेणीमाधव गायधनी


हिवरमाळ
८ फेब्रुवारी १९९८

आदरणीय सर,

आत्याबाई म्हणतात, "ये म्हनावं." पण त्यांच्या अटी आहेत. दहा दिवस राहायचे. चिखलात उतरताना वही आणायची नाही, चष्मा चालेल. पँट लागेल तेवढी वर दुमडत नाही, म्हणून जुने धोतर आणायचे. मातीला 'नमुना' म्हणायचे नाही. आणि मैनाशी वाद घालायचा नाही, कारण त्यात आजवर कुणी जिंकलेले नाही.

भाकरी आमची. ओळंबा मात्र आपला आणा, आमचा दोरा जुना झाला आहे.

सुवर्णा


पंचवटी, नाशिक
२२ मार्च १९९८

चि. सुवर्णा,

घरी पोहोचून आठवडा झाला. टाचांच्या भेगांतील माती अजून निघत नाही आणि खरे सांगायचे तर मी फारसा प्रयत्नही केलेला नाही.

तू पंगतीत वाढीत होतीस तेव्हा चिखलात काय घडले, ते तुला पुरते ठाऊक नसावे. मी प्रत्येक पाऊल समान अंतरावर टाकीत होतो. मैना म्हणाली, "मास्तर, चिखल तुडवताय का जमीन मोजताय?" मी म्हणालो, पद्धतशीरपणे केले की काम नीट होते. त्यावर ती म्हणाली, "चिखलाला पद्धत कळती का? त्याला वजन कळतं." मी वाद घातला. अट मोडली आणि पुढच्याच पावलाला बसकण मारली. उठविण्यास चौघी लागल्या. मदत मात्र एकीचीच झाली, उरलेल्या तिघी हसत होत्या.

गोजराबाईंनी आधीच मुरत घातलेल्या चिखलाची चाचणी-भिंत पुरुषभर उंच झाल्यावर मी ओळंबा सोडला. बाहेरील बाजू वर जाता जाता चार बोटे आत गेलेली. मला, कबूल करतो, आनंद झाला. अखेर एक दोष सापडला होता! अकरा बायकांच्या देखत मी तो मोठ्याने जाहीर केला. गोजराबाईंनी हातातला गोळा खाली ठेवला नाही, की वळूनही पाहिले नाही. म्हणाल्या, "आतून सोड की दोरी." आतली बाजू सूतभरही हललेली नव्हती. बाहेरचा उतार मुद्दाम राखलेला. भिंत खाली रुंद, वर निमुळती. "बाई खाली बसली की कशी पसरून बसती? तशी भित बसवायची. मंग ती उठत नाय." वजनाच्या विभागणीवर मी एक संपूर्ण प्रकरण लिहिलेले आहे. त्यात एवढे सुबोध वाक्य नाही.

दुसऱ्यांदा चुकणे पहिल्याइतके दुखत नाही, हे मला बासष्टाव्या वर्षी कळले.

सहा तासांच्या पाण्यानंतर त्या भिंतीची झीज नखाएवढीही नव्हती. माझी खात्री झाली आहे. तथापि दाखल्याचा चौथा मसुदा मी काल फाडला. विहित नमुन्यात 'मिश्रणाची प्रमाणित सिद्धता' आणि 'कारागिराची पात्रता' असे रकाने आहेत. त्यांत काय लिहावे? अचूक शब्द सापडेपर्यंत मी सही करणार नाही. सदोष दाखला म्हणजे सदोष पाया.

वेणीमाधव गायधनी


हिवरमाळ
१८ एप्रिल १९९८

आदरणीय सर,

ग्रामसभेला तेरा दिवस उरले आहेत आणि दाखला नाही. आत्याबाई म्हणतात, "मास्तरचा चिखल लय मुरला. आता सडंल."

चिमाजी आप्पांनी खडी टाकणाऱ्याशी बोलणे सुरू केले आहे. वर एक नवेच संकट उभे राहिले आहे. चहाची टपरी चालवणारा फकिरा सगळ्यांना विचारतो, "नाशकात सायबाच्या पोरांना स्लॅब, आन् आमच्या पोरांना चिखल का?" त्याची स्वतःची दोन मुले माझ्या बालवाडीत आहेत. तो वाईट माणूस नाही. त्याचा बाप मातीच्या घराला कंटाळून, स्लॅबची स्वप्ने पाहतच वारला. फकिराला काय उत्तर द्यावे, ते मला सुचत नाही. खोली थंड राहील, असे सांगितले की तो म्हणतो, "थंड पंखा पन करतो."

आज पत्र्याखाली दहालाच मुले लाल झाली. मी त्यांना घरी सोडले आणि रिकाम्या बालवाडीत बसून आपल्याला हे लिहीत आहे. सर, चूक असलेला दाखला चालेल. पण पाठवा. जमले तर स्वतः या.

सुवर्णा


पंचवटी, नाशिक
२४ एप्रिल १९९८

चि. सुवर्णा,

दाखला सोबत आहे. नवव्या मसुद्यात शब्द सापडले. तुला वाचण्यापुरते येथे उतरवितो:

माती: हिवरमाळची पांढरी.
मिश्रणाची सिद्धता: टाच उमटेपर्यंत.
कारागिराची पात्रता: दाखला देणाऱ्याची गुरू.

खाली माझी सही, पदवी आणि शिक्का आहे. यावर कोणी हसले, तर त्याला माझ्याकडे पाठवावे.

मी येणार नाही. मी समोर असलो की लोक माना डोलावतात. तुला डोलावलेल्या माना नकोत, वर झालेले हात हवेत. त्याऐवजी सोबत दुसरा लिफाफा आहे, ग्रामसभेच्या नावे. फकिराचे बोलून झाले की सरपंचांनी तो उघडून मोठ्याने वाचावा. आधी नव्हे.

वेणीमाधव गायधनी


हिवरमाळ
२ मे १९९८

आदरणीय सर,

काल मारुतीच्या पारावर सभा भरली. चिमाजी आप्पांनी दाखला वाचला. 'दाखला देणाऱ्याची गुरू' इथे ते अडखळले आणि पुन्हा वाचले. बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणाले, "गोजराक्का, शिक्क्यासकट गं!" आत्याबाई पदराआड गेल्या. पण पुरुष फकिराकडे बघत होते.

मग फकिरा उठला आणि जे टपरीवर बोलतो तेच बोलला. पुष्कळ माना हलल्या. मला वाटले, संपले.

तेव्हा आप्पांनी आपला लिफाफा फोडला. 'हिवरमाळच्या ग्रामसभेस विनंती,' असे वाचून ते थांबले. आजवर नाशिकहून गावाला हुकूमच आलेले. आपण लिहिले होते, की पंचवटीतल्या आपल्या घराच्या अंगणात आपल्याला एक अभ्यासाची खोली बांधायची आहे, सिमेंटमध्ये जन्म काढल्यावर उरलेली वर्षे मातीत बसून वाचायचे आहे, आणि त्यासाठी गावाने आपली पांढरी आणि गोजराबाई या दोन्ही गोष्टी दोन महिन्यांसाठी नाशिकला द्याव्यात. बालवाडीला गाव स्लॅब घालणारच असेल, तर त्या रिकाम्याच असतील.

सर, सभेत जे उसळले ते लिहिता येणार नाही. आणि पहिला कोण ओरडला असेल? फकिरा! "म्हंजी? आमची पांढरी, आमची गोजरा मावशी, आन् खोली पंचवटीत? जमायचं नाय! आधी आमच्या पोरान्ला, मंग मास्तरला!"

आप्पा शांतपणे म्हणाले, "मंग हात वर कर की."

त्याने केला. एक हात केला आणि दुसऱ्या हाताने शेजाऱ्याचा वर केला. दोघे सोडून सगळ्यांचे हात वर होते. त्या दोघांतला एक झोपला होता.

ठराव मंजूर झाला. आत्याबाई म्हणाल्या, भिंत दसऱ्यानंतरच चढवायची, वैशाखाच्या उन्हात ती घाईघाईने वाळते आणि तडकते. तोवर पाया आणि लाकूड.

आपला नंबर दुसरा होता. पण सभा उठता उठता आप्पांनी आईसाठी एक खोली सांगितली आणि फकिराने टपरीमागे एक. त्यामुळे आता आपण चौथे आहात. रागावू नका.

एक खरे सांगा. खोली हवी होती, की हा आपला डाव होता?

सुवर्णा


पंचवटी, नाशिक
९ मे १९९८

चि. सुवर्णा,

खोली मला खरोखर हवी आहे. डाव टाकण्याची बुद्धी माझ्याकडे आहे. या वेळी तिचा उपयोग केला नव्हता. फकिरा असे बोलेल, याची मला काहीच कल्पना नव्हती. लिफाफा नंतर उघडावा म्हटले ते एवढ्याचसाठी, की त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरे प्रामाणिक उत्तर नव्हते.

चौथा क्रमांक मान्य आहे. शालेय जीवनापासून मी कधी चौथा आलो नव्हतो. झुंबरबाई म्हणतात, सवय होईल.

दसऱ्यानंतर तुडवणीला माणूस कमी पडल्यास कळवावे. मैनाच्या शेजारी नको.

वेणीमाधव


हिवरमाळ, बालवाडीची खोली
१७ एप्रिल १९९९

प्रिय सर,

हे मी अगदी हळू लिहीत आहे. पेनाचा आवाज होतो.

आपण जानेवारीत पाहून गेलात तेव्हा थंडी होती. त्यामुळे खोली बांधली, सारवली, मुले आली, तरी मुख्य परीक्षा राहिलीच होती. ती आज झाली. दुपारचे दोन वाजले आहेत. आपण दिलेला तापमापक आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्या दर अर्ध्या तासाने मलाच उठवत होत्या. बाहेर एक्केचाळीस. आत एकतीस. शेवटी त्याच म्हणाल्या, "आकडा कशाला बघायचा? भितीला पाठ लाव." लावली. खरेच, कशाला बघायचा?

भर उन्हाळ्यात आज पहिल्यांदाच मी मुलांना अकराला घरी सोडले नाही. ती जेवली, दोन गाणी झाली आणि तिसऱ्यात एकेक करत झोपली. सव्वीसच्या सव्वीस.

साडेअकराला त्यांच्या आया धावत आल्या. एवढ्या उन्हात मुले परतली नाहीत, म्हणजे कुणाला काय झाले, अशा घाबऱ्याघुबऱ्या! मी ओठांवर बोट ठेवले. त्या आत डोकावल्या, मुलांना उचलायला म्हणून वाकल्या, आणि मग कुणीच उचलले नाही. मैना आधी टेकली. "जरा घाम पुसते," म्हणाली. आता ती घोरते आहे. यशोदाबाई तिच्या पायाशी आहेत. फकिराची बायको, तिची जाऊ, सगळ्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि हळूहळू आडव्या झाल्या. मुले मोजता येत नाहीत, इतके पदर पसरले आहेत. आत्याबाई उंबऱ्यात बसून झोपल्या आहेत. झोपेतही त्यांचा एक हात भिंतीवर आहे.

आळीत इतकी शांतता पसरली, की चिमाजी आप्पा काय झाले ते बघायला स्वतः आले. आत्ता, मी हे लिहीत असताना, ते दारात उभे आहेत. चपला काढून हातात घेतल्या आहेत. एकदा खोलीकडे पाहतात, एकदा बाहेरच्या उन्हाकडे. आता मला खुणेने विचारत आहेत, "सुवर्णा, जागा हाय का गं?"

थांबते, सर. सरकून घेते जरा.

सुवर्णा